क्वीका, दुपारी तीन ते पाच

क्वीका हे वाद्य ज्या कुणी पहिल्यांदा बनवलं त्याला शेजारी नसणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दिसायला अगदी बापुडं. एका तोंडाला कातडं ताणलेला पत्र्याचा डबा. पण त्या कातड्याला आतून, मधोमध, बांबूची एक बारीक काडी बांधलेली असते. डब्यात हात घालून ओल्या फडक्यानं ती काडी चोळायची आणि दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून कातड्यावर दाबायचं. ज्याला येतं त्याच्या हातात ती हसते, मुसमुसते, रुसते, लाडात येते. सांबातलं जे काही चारचौघांत बोलता येत नाही ते सगळं क्वीका बोलते. आणि ज्याला येत नाही त्याच्या हातात ती काय करते, हे मेइएर वस्तीतल्या आमच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर विचारा.

मी जन्मभर नोटरीच्या कचेरीत बसून लोकांच्या सह्या खऱ्या असल्याचे शिक्के मारले. अशा माणसानं साठी उलटल्यावर क्वीका विकत घेऊ नये, हे मलाही कळतं. पण झुरेमाचा खांदा हलला, त्याला मी काय करू?

झुरेमा माझी बायको. कार्निव्हल संपला आणि तिला झटका आला. डावं अंग गेलं, आणि उरलेल्या अंगातली झुरेमा कुठे निघून गेली ते डॉक्टरांनाही सांगता येईना. खिडकीशी खुर्चीत बसवलं की बसायची. पाणी मागायची. मला कधी माझ्या नावानं, एवारिस्तो, म्हणायची, कधी डॉक्टर, एकदा तर आई म्हणाली. "काळाची सरमिसळ होते," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या समाधानानं उच्चारलं की आजार बरा झाल्यासारखं त्यांनाच वाटलं असावं.

आता ही बाई कोण होती ते सांगायला हवं. दर रविवारी चौकातल्या आंब्याखाली टेबलाभोवती सांबा वाजवणारे जमायचे, आणि झुरेमा नाचायची. नाचायची म्हणजे काय ते शिक्के मारणाऱ्यानं कसं सांगावं? पाय इतके बारीक आणि इतके भराभर पडायचे की चपलांना सुद्धा पत्ता लागत नसे. वरचं अंग मात्र स्वस्थ, जसं काही खाली चाललंय त्याच्याशी तिचा संबंधच नाही. मानेवर घाम साचायचा, तो पाठीच्या पन्हळीतून हळूच खाली उतरायचा, आणि कंबर अशी फिरायची की बघणाऱ्या पुरुषांची बिअर हातातच गरम व्हायची. मी? मी तिची पर्स धरून बसायचो. मला नाचता येत नाही. लग्नात एकदा प्रयत्न केला तेव्हा सासरेबुवांनी धावत येऊन विचारलं होतं, "जावईबापू, पायात गोळा आला का?"

तर एका दुपारी मी स्वयंपाकघरात घेवड्याची उसळ ढवळत होतो. रेडिओवर सांबा लागला आणि मध्येच क्वीका हुंकारली. मी सहज वळून पाहिलं. झुरेमाचा उजवा खांदा वर गेला, किंचित थांबला, आणि तालावर खाली आला. कित्येक आठवड्यांत तिच्या अंगात कुणीतरी घरी असल्याची ही पहिली खूण. उसळ करपली. दुसऱ्या दिवशी मी क्वीका घेऊन आलो.

"रेडिओच लावा की!" असं सगळे म्हणाले. लावला. पण रेडिओतली क्वीका मध्येच येते नि जाते, तिला बोलावून आणता येत नाही. मग सल्ल्यांचा पूर आला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी पेरूच्या पानांचा काढा सांगितला. वरच्या निवृत्त कॅप्टननी थंड पाण्यात पाय बुडवायला सांगितले. झुरेमाचे की माझे, ते शेवटपर्यंत स्पष्ट केलं नाही. आणि आमच्या इमारतीच्या चेअरमन दोना क्लोतिल्दे (इथं बाईंना आदरानं दोना म्हणतात, पुरुषांना सेउ) म्हणाल्या, "सेउ एवारिस्तो, बासरी घ्या ना. बासरी कशी पवित्र वाटते."

"बासरीनं तिचा खांदा हलत नाही, दोना क्लोतिल्दे."

"मग डॉक्टरांचा दाखला आणा. वाद्य औषध म्हणून आहे असं लिहून घ्या, म्हणजे दुपारी तीन ते पाच परवानगी. नियम म्हणजे नियम."

डॉक्टर म्हणाले, औषधांच्या यादीत क्वीका नाही. पियानो आहे, तोही परवानाधारक माणसानं वाजवला तर. शेवटी त्यांनी 'तालोपचार' असा एक गोलमाल शब्द लिहिला. त्यावरची सही खरी आहे असा शिक्का हवा, म्हणून मला माझ्याच जुन्या कचेरीत जावं लागलं. माझ्याच खुर्चीत बसलेल्या पोरसवदा साहेबानं मला विचारलं, "तुम्हीच एवारिस्तो कशावरून?" तीस वर्षं हाच प्रश्न मी इतरांना विचारत आलो होतो. तो इतका उद्धट आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दाखला मिळाला. मी वाजवायला लागलो. आणि इथून खरी शोभा सुरू झाली.

आमच्या सगळ्या घरांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच अरुंद बोळकांडीत उघडतात. तळमजल्यावर कुणी शिंकलं तर सहाव्या मजल्यावरून "देव भलं करो" ऐकू येतं. त्या बोळकांडीतून आता रोज दुपारी एका बाईचं कण्हणं येऊ लागलं. कधी लाडिक, कधी कळवळून, कधी गळा आवळल्यासारखं. इमारतीत तत्काळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, एवारिस्तोनं बाई ठेवली आहे. दुसऱ्याचं म्हणणं, तो बिचाऱ्या आजारी बायकोला मारतो. दाखला साऱ्यांना ठाऊक होता, पण वाद्यातून असा आवाज निघतो हे कुणाला पटेना; माझ्या आयुष्यभराच्या सचोटीचा विचार करून, मी क्वीकाच वाजवत असेन असं म्हणणारा तिसरा तट निघाला नाही.

दुसऱ्या तटानं पोलीस बोलावले. दोघे आले. दोना क्लोतिल्दे मागोमाग, साक्षीदार म्हणून, केसांना रोलर लावलेल्या.

"बाई कुठंय?" मोठा पोलीस म्हणाला.

"ही माझी बायको. आणि हा आवाज," मी क्वीका वर केली, "हिचा."

"वाजवून दाखवा."

पोलिसांसमोर, चेअरमनसमोर, अर्ध्या उघड्या दारातून डोकावणाऱ्या कॅप्टनसमोर मी खुर्चीच्या कडेला बसलो, फडकं ओलं केलं आणि काडी चोळली. क्वीका बिजागरीसारखी किंचाळली. धाकटा पोलीस भिंतीकडे तोंड करून हसू लागला. मानी माणसानं अशा वेळी काय करावं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी वाजवत राहिलो.

आणि झुरेमा हसली. तोंड अर्धंच हसलं, पण डोळे दोन्ही हसले. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "आलास, झेफेरिनो?"

धाकटा पोलीस भिंतीकडून वळला.

"तुमचं नाव एवारिस्तो ना?" मोठ्या पोलिसानं विचारलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, टोपी सारखी करून म्हणाला, "बरंय. चालू द्या."

ते गेल्यावर मी झुरेमाच्या थोरल्या बहिणीला, एलेनीरला, फोन लावला.

"झेफेरिनो कोण?"

बराच वेळ फोनवर फक्त तिच्या घरचा पोपट बोलत होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"झुरेमानंच."

"अरे देवा! जुनी गोष्ट रे ती, एवारिस्तो. रामोसच्या क्लबात क्वीका वाजवायचा. लग्नाआधीची गोष्ट."

"सगळी लग्नाआधीची?"

पोपट पुन्हा बोलू लागला.

"बरीचशी," एलेनीर म्हणाली.

हे 'बरीचशी' मी कितीतरी दिवस चघळलं. जेवताना, दाढी करताना, झुरेमाचं अंग पुसताना. शेवटी झेफेरिनोचा पत्ता काढून इराझाला गेलो. भांडायला गेलो होतो असं मी स्वतःला सांगितलं. रस्त्यात दोन-तीन चांगली वाक्यंही तयार केली होती.

दार उघडलं ते काळा कोट घातलेल्या, वाळलेल्या, ताठ म्हाताऱ्यानं. भर उन्हात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. काखेत बायबल.

"झेफेरिनो आपणच?"

"देवाच्या कृपेनं."

"क्वीका वाजवायचात?"

"सैतान वाजवायचा. हात माझे होते." त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "कोण आपण?"

"झुरेमाचा नवरा."

त्यानं बायबल दुसऱ्या काखेत घेतलं. मग हळूच विचारलं, "आहे?"

"आहे. थोडीशी."

माझी तयार वाक्यं तिथंच विरली. आम्ही दोघं पायरीवर बसलो, त्यानं मला उसाचा रस पाजला, आणि मी त्याला माझ्या घरी यायचं आमंत्रण दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला वाटलं, माझ्या बिजागरीला जर ती एवढी हसली, तर खरा माणूस बघून उठून बसेल.

तो आला. तोच कोट, नव्यानं इस्त्री केलेला. खुर्चीसमोर उभा राहिला. झुरेमानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि माझ्याकडे वळून घाबऱ्या आवाजात म्हणाली, "एवारिस्तो, पाद्री का आणलास? मी मरतेय का?"

"नाही गं! हे आपले... ओळखीचे आहेत."

"मग त्यांना कॉफी दे आणि जायला सांग."

ज्याच्यावर रागवायला मला एवढी वर्षं उशीर झाला होता त्याचा चेहरा असा पडला की मला माझा आनंद लपवावा लागला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? आणि मग लगेच लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी क्वीका उचलली. झेफेरिनो बाजूच्या खुर्चीवर टेकला, बायबल शेजारी ठेवलं आणि छताकडे डोळे लावले. मी वाजवत होतो आणि त्याच्या मानेच्या शिरा ताणत होत्या. अखेर त्याला राहवेना. छताकडेच बघत म्हणाला, "काडी ओढू नका हो. ओढून येत नाही ती. तिला यावंसं वाटलं पाहिजे."

"म्हणजे कसं?"

"फडकं ओलं, हात सैल. बोट दाबायचं नाही, टेकवायचं. आणि थांबायचं. थांबलं की ती स्वतःच मागते."

मी थांबलो. टेकवलं. क्वीका पहिल्यांदा हुंकारली. खोल, ओलसर, झोपेतून जागं होताना बाई हुंकारते तशी. झेफेरिनो उठला. बायबल खुर्चीवरच राहिलं म्हणून मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत धावलो.

"पुन्हा या," मी सभ्यपणानं म्हणालो.

"नको," तो म्हणाला, "ती बोलली ते बरोबर. पाद्रीच आहे मी आता." आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तीन वाजले, मी वाजवायला बसलो, आणि झुरेमानं माझ्याकडे अशी नजर लावली की मी मागे वळून पाहिलं. मागे भिंतच होती.

"दार लावलंस, झेफेरिनो?"

मी एवारिस्तो आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"लावलं," मी म्हणालो.

तिनं उजव्या हातानं माझा हात ओढून आपल्या मानेवर ठेवला. "तुझी बोटं मेली नेहमी ओली," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. मानेवरची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी ती मान हजारदा पाहिली, पुसली, तिला शेकही दिला. तिथं हात ठेवल्यावर झुरेमाचा श्वास असा अडतो हे मला ठाऊक नव्हतं.

"नाच," ती म्हणाली.

"मला..."

"ये इकडे." तिनं माझ्या कमरेवर पंजा टेकवला आणि बसल्या बसल्या मला फिरवू लागली. "सोड ना कंबर. कुणाला भितोयस? इथं कोण आहे?" कुणी नव्हतं हे खरं. एवारिस्तो सुद्धा नव्हता. एवारिस्तोची कंबर जन्मात सुटली नसती, झेफेरिनोची सुटली. तोंडानं ताल धरून मी खुर्चीसमोर नाचलो. तिचा उजवा पाय जमिनीवर बारीक बारीक आपटत होता, गाल तापले होते, आणि ती खालच्या आवाजात हसत होती. ते हसणं तिच्या पोटात होतं हे मला तेव्हा कळलं. आंब्याखाली बाकावर बसून ते कधी ऐकू आलं नव्हतं.

मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. "जा आता. माझा नवरा येईल."

"येऊ दे."

"वेडा झालास? जा म्हणते ना!"

ती इतकी कासावीस झाली की मला जावं लागलं. स्वतःच्या घरातून, घाईनं, शर्टाच्या गुंड्या लावत. कोपऱ्यावरच्या बेकरीत उभ्यानं कॉफी प्यालो आणि परत येऊन कुलूप वाजवून दार उघडलं. झुरेमानं एका हातानं केस सारखे केले होते.

"दमलास?" ती म्हणाली. "कचेरीत फार काम होतं?"

"कोणी आलं होतं का?" माझ्या तोंडून गेलं.

तिनं डोळ्याला डोळा भिडवला. "नाही. कोण येणार?"

पापणी सुद्धा लवली नाही. खोटं बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. निदान, ते खोटं आहे हे ठाऊक असताना पहिल्यांदा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी गुळगुळीत दाढी केली. अत्तराची बाटली आणली. मग लक्षात आलं की पाच वाजता घरी येणाऱ्या नवऱ्याच्या अंगाला परपुरुषाच्या अत्तराचा वास येऊन चालणार नाही, तेव्हा बेकरीच्या नळावर मान धुऊ लागलो. दुपारी मी तिचा होतो आणि संध्याकाळी मलाच माझा मत्सर वाटायचा. बोळकांडीनं आपलं काम चोख केलं: "जा, माझा नवरा येईल" हे शब्द सगळ्या मजल्यांवर पोचले. आता इमारतीला खात्री पटली की माझ्याकडे कुणाची तरी लग्नाची बायको येते. चौथ्या मजल्यावरचे दंतवैद्य दवाखाना बंद करून साडेतीनला घरी येऊ लागले. कॅप्टनसाहेब, ज्यांची पत्नी सत्तरीची होती, मला जिन्यात नमस्कार करीनासे झाले. दोना क्लोतिल्देंनी लिफ्टमध्ये मला गाठलं.

"सेउ एवारिस्तो, गुंडी चुकलीय."

"हो का?"

"बायको त्या खुर्चीत बसलेली असताना! ती बघत असताना! तुमच्यासारख्या माणसानं!"

काय सांगणार? शिक्का मारून देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

हिवाळा लागला. झुरेमाचं अन्न कमी होत गेलं. हात माझ्या कमरेवरून घसरू लागला. नाच आता तिच्या एका अंगठ्यात उरला होता, तो माझ्या मनगटावर ताल धरायचा. आणि एका दुपारी मी क्वीका उचलली तशी ती म्हणाली, "आज वाजवू नकोस."

"बरं वाटत नाही?"

"उद्यापासून येऊ नकोस, झेफेरिनो. त्याला कळलंय."

"कुणाला?"

"त्याला रे. विचारत नाही काही. पण संध्याकाळी आला की खोलीभर बघतो आणि मग खाली मान घालतो. मला ते बघवत नाही."

शहाण्या माणसानं तिथंच थांबावं. पण मी त्या वेळी शहाणा माणूस नव्हतो, टाकलेला प्रियकर होतो. "तो तुला असा हात लावतो का?" मी म्हणालो. "तुझ्याकडे बघून हसतो? नाचतो तुझ्यासाठी?"

"नाही," ती म्हणाली. "लाकूड आहे नुसतं."

मी क्वीका जमिनीवर ठेवली.

"पण मला शी-शू होते ती तो काढतो. तोंड वेंगाडत नाही. मला भरवताना आपलं तोंड उघडतो, येडा. तुझं काय रे? तू येतोस, वाजवतोस, आणि जातोस." तिला धाप लागली. तिनं माझा हात तोंडाशी नेला, ओल्या बोटांचा वास घेतला, आणि परत माझ्याच मांडीवर ठेवला. "जा. माझ्या नवऱ्याला यायचंय."

मी क्वीका उचलून बाहेर पडलो. बेकरीत गेलो नाही, जिन्यातच बसलो. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता, का बोळकांडीतून कुणाचा टीव्ही, ते कळेना. पुरेसा वेळ झाला असं वाटल्यावर उठलो, आणि कुलूप उघडून आत गेलो.

"आलास, एवारिस्तो," ती म्हणाली. चेहरा ओला होता. मी पुसला. तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर तिनं झेफेरिनोचं नाव घेतलं नाही. रेडिओवर क्वीका आली तरी खांदा हलला नाही. मी तिला दोनदा हाक मारून पाहिली, त्याच्या आवाजात, हे कबूल करायला मला शरम वाटते. तिनं मान फिरवली. हिवाळा संपायच्या आत दुसरा झटका आला आणि ती गेली.

दफनाला एलेनीर आली, पोपटाला शेजाऱ्यांकडे ठेवून. काळ्या कोटातला एक म्हातारा फाटकाबाहेर उभा राहिला, आत आला नाही. इमारतीतले सगळे होते. दंतवैद्य बायकोचा दंड घट्ट धरून. मातीची मूठ टाकून झाल्यावर दोना क्लोतिल्दे माझ्याजवळ आल्या. डोळे पुसत, पण आवाज चेअरमनचा.

"एवढंच बरं म्हणायचं, सेउ एवारिस्तो. बिचारीला तुमचं ते प्रकरण शेवटपर्यंत कळलं नाही."

"कळलं होतं, दोना क्लोतिल्दे," मी म्हणालो. "तिनंच मोडलं ते. माझ्यासाठी."

त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि झपाट्यानं बसकडे निघाल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी सहाही मजल्यांवर पोचली असणार. मी कुणाला काही समजावून सांगायला गेलो नाही. लोक म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं.